बूढाघोडा, अग्निबाण आणि मी

मी एक जुना संगणक आहे. दहा वर्षांचा. तुमच्यात हे वय चौथी-पाचवीत जाण्याचं असतं, आमच्यात मात्र ते निवृत्तीचं. अमरावतीत एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मुनव्वरभाईंचं गेमिंगचं दुकान आहे. तिथं आम्ही सात संगणक भिंतीशी ओळीनं बसलेले असतो. माझा क्रमांक तिसरा. मित्रांनो, माझ्यामुळे कुणाचं भलं झालं, अशी फुशारकी मारायला मी बोलत नाही. एक गोष्ट मला चार महिने ठाऊक होती आणि मला ती कुणालाही सांगता येत नव्हती. त्या चार महिन्यांची तगमग तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म अकोल्याचा. ओमप्रकाश नावाच्या माणसानं एकेक भाग वेगवेगळ्या दुकानांतून आणून मला जुळवलं. तो लग्नाचे व्हिडिओ करायचा. म्हणून माझ्या पोटात चित्रं काढणारं चांगलं दणकट कार्ड बसवलं. नवरानवरीवर पडणाऱ्या अक्षता हळूहळू खाली येताना दाखवायच्या, वरातीच्या घोड्याभोवती चांदण्या फिरवायच्या, अशी कामं मी चार वर्षं केली. ओमप्रकाश पाहुण्यांना सांगायचा, "असा कंप्युटर अख्ख्या अकोल्यात दोघाईजवळच हाय." ते खरं नव्हतं, पण ऐकायला मला आवडायचं. पुढं लोक मोबाइलवरच सगळं करू लागले, त्याचं काम मंदावलं. मग मुनव्वरभाईंनी मला रजईत गुंडाळून एसटीनं अमरावतीला आणलं.

इथं आल्यावर मी पहिल्यांदा खेळ चालवला. त्याचं नाव 'वेलमार'. त्यात खेळणारा एक पात्र होतो, नावगाव ठरवतो, म्हाताऱ्या घोड्यावर बसून डोंगरदऱ्यांत भटकतो, माणसांशी बोलतो, आणि तो जसं वागेल तशी गोष्ट पुढं जाते. या खेळाचं वेड दुकानात दोघांना सगळ्यांत जास्त होतं.

एक उसामा. मुनव्वरभाईंचा भाचा, वय तेवीस. वडिलांचा कूलर बनवायचा कारखाना. पत्रा कापायला, मोटार बसवायला आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन दुरुस्ती करायला उसामाच. दुसरा अद्वैत. वडील वकील, स्वतः कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. दोघं सातवीपासूनचे दोस्त. दर रविवारी सकाळी माझ्यासमोर दोन खुर्च्या जोडून बसायचे. एकानं खेळायचं, दुसऱ्यानं शहाणपण शिकवायचं. आणि काउंटरवर मुनव्वरभाईंची मुलगी माहेनूर असे. ती लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची, आणि मान वर न करता सगळं ऐकायची.

जानेवारीत 'वेलमार'च्या दुसऱ्या भागाची झलक आली. खेळ यायला अजून वर्ष होतं, पण त्या तीन मिनिटांच्या चित्रफितीनं दुकानात नुसता गोंधळ माजवला. कारण कंपनीनं इंजिन बदललं होतं. मित्रांनो, इंजिन म्हणजे खेळाच्या तळाशी चालणारी मोठी यंत्रणा. ऊन कुठून यावं, सावली किती गडद पडावी, पाणी कसं हलावं, हे सगळं तीच ठरवते. पहिल्या भागाचं इंजिन कंपनीनं घरीच बनवलेलं होतं. त्यातली चित्रं जरा भडक, प्रत्येक वस्तूच्या कडेला काळी रेघ, जणू कुणी खडूनं गिरवलेली. नवं इंजिन बाहेरून घेतलेलं. त्यात अंधार खरोखरीच्या अंधारासारखा होता आणि रेघा गेल्या होत्या.

"आता कुठं गेम वाटून राहिला," अद्वैत म्हणाला. "पह्यले कार्टून व्हता."

"कार्टून तर कार्टून," उसामा म्हणाला. "त्यात जीव व्हता. याच्यात काय हाय? काळं फडकं टाकल्यावानी."

"अबे त्याले लाइटिंग मन्तात."

"लाइट असली तं दिसन ना लाइटिंग."

सगळे हसले. उसामाही हसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण मला एक गोष्ट दिसत होती.

उसामा एकटा यायचा तो दुपारी, दोन ते चारच्या दरम्यान. आल्याबरोबर तो माझ्या पडद्याचा उजेड शेवटच्या टोकाला नेऊन ठेवी. तेवढ्यानं भागलं नाही तर खेळाच्या आतला उजेडही वाढवी. मग पुढं वाकून, नाक जवळजवळ पडद्याला लावून खेळे. संध्याकाळी कॉलेज आटोपून अद्वैत यायचा आणि वैतागून उजेड खाली आणायचा. "चाचा, ह्या तीन नंबरवर कोन बसते दुपारी? डोये फुटतीन मानसाचे." मुनव्वरभाई म्हणायचे, "बसत असन कोनी." दुसऱ्या दिवशी उजेड पुन्हा वर, संध्याकाळी पुन्हा खाली. सहा महिन्यांपूर्वी उसामाला पडद्याचा उजेड मध्यावर पुरायचा. हे फक्त मला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट फक्त मलाच माहीत होती. इंटरनेटवर खेळणाऱ्यांचा एक मोठा फोरम होता, म्हणजे चर्चेचा कट्टा. देशभरातले हजारो लोक तिथं टोपणनावानं लिहीत. हिंदी आणि इंग्रजीची खिचडी असे. मी तुम्हांला मराठीत सांगतो. तिथं 'बूढाघोडा' नावाचा एक जण नव्या इंजिनाच्या विरोधात होता. त्याला उत्तर देणारा ठरलेला एक जण असे, 'अग्निबाण'. बूढाघोडा दुपारी लिही, अग्निबाण संध्याकाळी त्याचा फडशा पाडी. दोघांचं भांडण इतकं गाजलं की लोक मुद्दाम वाचायला येऊ लागले.

बूढाघोडा म्हणजे उसामा. अग्निबाण म्हणजे अद्वैत. दोघं माझाच कीबोर्ड बडवत होते, उठताना आपापलं खातं बंद करून जात होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा दिल्लीचा नाहीतर बंगळुरूचा कुणी अनोळखी माणूस आहे.

रविवारी खांद्याला खांदा लावून बसायचे तेव्हा तर आणखी कठीण. एकदा अद्वैत म्हणाला, "फोरमवर एक येडा हाय, बूढाघोडा. काल लोकाईनं त्याले असा धुतला." उसामा चहाचा कप उचलून खिडकीशी गेला. मला वाटलं, आता तो म्हणेल, अबे तो मीच. पण तो म्हणाला नाही. का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. आता वाटतं, त्या नावाआड तो जे लिहीत होता ते आपल्या नावानं म्हणायची त्याला भीती वाटत होती. "अंधारात काहीच दिसत नाही" हे वाक्य बूढाघोड्यानं फेब्रुवारीत नऊ वेळा लिहिलं होतं. उसामानं ते एकदाही कुणाला म्हटलं नव्हतं.

माझा पंखा तसाही सारखा फिरत असतो. त्या दिवसांत तो उगाचच जोरात फिरायचा. मुनव्वरभाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "तीन नंबर लय गरम होऊन राहिला." उन्हाळा लागला होता, त्यांना वाटलं उन्हामुळे.

एप्रिलच्या शेवटी उसामा नांदगाव खंडेश्वरला एका शाळेचे कूलर बसवायला गेला. परत निघायला दिवस मावळला. रस्त्याच्या कडेला फोडलेल्या दगडांच्या गिट्टीचा ढीग होता, त्यावर त्याची गाडी चढली. कोपर सोललं, हनुवटीला टाके पडले. दुकानात आल्यावर त्यानं सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

माहेनूरनं पहिल्यांदा मान वर केली. "कुत्रं कोनत्या रंगाचं व्हतं?"

"आता रंग कोन पाह्यते?"

"तू संध्याकाळी गाडी काहून नाई चालवत आजकाल? परवा आत्यानं बाजारात जायले सांगितलं तरी माह्या अब्बूले पाठवलं तू."

"काम असते मले," उसामा म्हणाला आणि उठून गेला. माहेनूर बराच वेळ त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीनं खेळाचा एक छोटा भाग सगळ्यांना फुकट खेळून बघायला दिला. मुनव्वरभाईंनी तो सातही संगणकांवर घेतला. मी म्हातारा, सगळी सजावट कमीत कमीवर ठेवली तेव्हा कुठं तो माझ्यावर अडखळत चालला. शुक्रवारी दुपारी उसामा एकटाच आला आणि सवयीनं माझ्याच समोर बसला. सुरुवातीलाच संध्याकाळचं जंगल होतं, आणि जंगलाच्या टोकाला दरीवर लाकडी पूल. उसामा दरीत पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. उजेड शेवटच्या टोकाला होता. अकरा वेळा पडल्यावर त्यानं माउस हळूच बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी डोळे चोळले आणि फोरमवर लिहिलं, "या नव्या इंजिनात पूलच दिसत नाही. अकरा वेळा पडलो. जुन्या रेघा परत आणा."

शनिवारी संध्याकाळी अद्वैत आला. त्यानं ते वाचलं आणि हसत हसत टाइप केलं, "पूल हत्तीएवढा आहे. आंधळा आहेस का? खेळ सोड आणि काठी घेऊन फिर."

मित्रांनो, माझं काम हुकूम पाळायचं. अक्षर दाबलं की मी ते उमटवतो. त्या वेळी वीज गेली तर बरं, असं मला वाटलं. वीज गेली नाही. वाक्य गेलं. तासाभरात तीनशेच्या वर लोकांनी त्याला हसून दाद दिली.

रविवारी सकाळी दोघंही आले. बाहेर ऊन रणरणत होतं, पण उसामाच्या तोंडावर कळा नव्हती. रात्री मोबाइलवर त्यानं ते वाचलं असणार. अद्वैत मात्र खुशीत. तो माझ्यासमोर बसला, पूल झरझर ओलांडून दाखवला आणि खुर्ची उसामाकडे सरकवली.

"घे, तू खेळ."

"मले नाई खेळायचं."

"अबे खेळ ना. इंजिनले शिव्या देतो अन् खेळत नाई."

"नाई मनलं ना."

"खेळ उसामा," काउंटरवरून माहेनूर म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मले पाह्यचं हाय."

उसामा बसला. त्याचा हात उजेडाच्या बटणाकडे गेला आणि थांबला, कारण सगळे बघत होते. जंगल आलं. त्याचं पात्र झाडाला धडकलं, बाजूला झालं, पुन्हा धडकलं. दरीशी आलं. आणि पुलाच्या दोन हात डावीकडून सरळ खाली गेलं.

"अबे पूल समोर हाय ना," अद्वैत म्हणाला.

उसामा पुन्हा गेला आणि पुन्हा तिथंच पडला. कुणी हसलं नाही. माहेनूर उठून त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

"तुले दिसूनच नाई राहिलं," ती हळू म्हणाली. "कुत्रं नव्हतं तिथं. गिट्टी तुले दिसली नाई."

उसामानं माउस सोडला. पडद्याकडे बघतच तो बोलला. "दिवसा दिसते. अंधार पडला का नाई दिसत. साल झालं असन. आजूबाजूचंही कमी दिसते आता. मी कोनाले सांगू? गाडी बंद करतीन, काम बंद करतीन." मग म्हणाला, "फोरमवर लिहिलं व्हतं मी, बूढाघोडा नावानं. पूल दिसत नाई मनून. एकानं ईचारलं, आंधळा हायेस का. तीनशे लोकाईनं दात काढले."

दुकानात फक्त आम्हां सातजणांच्या पंख्यांचा आवाज येत होता. अद्वैत उभा होता तसाच उभा राहिला. मग तो जिना उतरून गेला. उसामाला वाटलं, दोस्ताला हे ऐकून धक्का बसला. धक्का बसलाच होता, पण दोन गोष्टींचा.

दुसऱ्या दिवशी मुनव्वरभाई स्वतः भाच्याला घेऊन अकोल्याला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे गेले. तीन दिवस तपासण्या चालल्या. या दिवसांत अद्वैत रोज संध्याकाळी यायचा आणि माझ्यासमोर बसायचा. खेळ उघडायचा नाही. फोरम उघडून आपलं ते वाक्य वाचायचा. ते पुसून टाकायला त्याचं बोट जायचं आणि मागं यायचं. पुसलं तर ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून थोडंच जाणार होतं. एकदा त्यानं "उसामा, मला माफ" इतकं टाइप केलं आणि पुसलं. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मला वाटायचं, एकदा तरी माझा पंखा बंद पडावा आणि सगळं शांत व्हावं.

गुरुवारी उसामा परतला. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार होता, जन्मापासून सोबत आलेला, आता वाढू लागलेला. पूर्ण बरा करणारं औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण फार हळू वाढतो. दिवसाचं काम चालू ठेवता येईल. अंधारात गाडी चालवायची नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. मुनव्वरभाई हे सांगत असताना उसामा खुर्चीत पाय लांब करून बसला होता. लपवायचं ओझं उतरल्यावर माणूस थकतो, तसा.

अद्वैत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "उसामा, अग्निबाण मीच हाव."

उसामानं वर पाहिलं. "काय मनलं?"

"काठी घेऊन फिर, ते मीच लिहिलं. तूच बूढाघोडा हायेस, हे मले मालूम नव्हतं."

उसामानं लांब केलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाला, "मी नसतो, दुसरा कोनी असता, तं चाललं असतं का?"

उसामा उठला, भिंतीला हात लावत जिना उतरला आणि त्यानंतर दीड महिना दुकानात आला नाही.

त्या दीड महिन्यात अद्वैतनं काय केलं, ते मी पाहिलंय. पहिल्या दिवशी त्यानं फोरमवर लिहिलं की, ते वाक्य मी लिहिलं, ते घाणेरडं होतं, आणि ज्याला लिहिलं त्याला खरंच अंधारात दिसत नाही. काहींनी त्याचीच टर उडवली. पण खाली एकेक करून दुसरी माणसं लिहू लागली. नागपूरच्या एका बाईंना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखू येत नव्हता. एका निवृत्त शिक्षकांचा एक डोळा गेलेला होता. चाळीसेक जण निघाले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, जुन्या रेघा बऱ्या होत्या. इतके दिवस तेही गप्प होते. अद्वैतनं सगळ्यांचं म्हणणं नीट लिहून काढलं, वकिलाच्या मुलासारखं मुद्देसूद, आणि कंपनीला पाठवलं. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवल्यावर दोन ओळी आल्या, "मिळालं. बघतो."

जुलैत खेळाचा दुसरा नमुना आला. त्यात सेटिंगमध्ये एक नवा पर्याय होता, कडांना रेघा दाखवा. तो या पत्रांमुळे आला की आधीच ठरला होता, हे मला माहीत नाही आणि मी खोटं सांगणार नाही.

माहेनूरनं उसामाला दुपारी हाताला धरून आणलं. अद्वैतलाही तिनंच बोलावलं होतं. तो नमुना माझ्यावर उघडलाच नाही. दोनदा प्रयत्न करून मी बंद पडलो. मग दोघं पाच नंबरवर बसले. मधे हातभर अंतर होतं. अद्वैतनं रेघा चालू केल्या, उजेड शेवटच्या टोकाला नेला आणि माउस उसामापुढं ठेवला. पूल आला. पिवळ्या रेघांत प्रत्येक फळी वेगळी दिसत होती. उसामा सावकाश पलीकडं गेला. पलीकडं नदी होती, तिथं तो थांबला आणि पडद्याजवळ वाकून पाहू लागला.

"दिसून राहिलं?" अद्वैतनं विचारलं.

"दिसून राहिलं ना. मनूनच सांगतो, हे पानी प्लास्टिकच्या पन्नीवानी दिसते. पह्यलंच इंजिन चांगलं व्हतं."

"अबे ह्या पान्यासाठी लोक जीव टाकून राहिले."

"टाकू दे. पन्नी ते पन्नी."

"प्रतिबिंब पाह्य ना जरा, झाडाचं."

"झाड बी पन्नीचंच हाय."

अद्वैतची खुर्ची कधी जवळ सरकली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माहेनूरनं मात्र पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून अर्ज भरू लागली.

त्यानंतर मुनव्वरभाईंनी मला ओळीतून उठवून काउंटरवर माहेनूरजवळ ठेवलं. त्याआधी उसामानं माझं झाकण उघडून ब्रशनं आतली धूळ काढली, भर दुपारी, दारातल्या उजेडात. आता मी दाखल्यांचे आणि परीक्षांचे अर्ज भरतो. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची धूळ वर्षातून एकदा तरी पुसत जा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुमच्या बोटांखाली जी अक्षरं उमटतात, ती आम्ही न अडवता पोचवतो. अडवण्याची सोय आमच्यात नाही, ती फक्त तुमच्यात आहे. आणि तुमच्या शेजारी बसणारा कुणी पडद्याचा उजेड सारखा वाढवत असेल, तर तो कमी करण्याआधी त्याला एकदा विचारा, "काहून रे, काय झालं?"